गळका नळ आणि दोषाचा प्रश्न

बेसिनचा नळ ठिबकू लागला की घरात नळाआधी माणसाचा न्यायनिवाडा होतो. "नळ नीट बंद कोणी केला नाही?" हा प्रश्न बहुधा घरातील सर्वांत लहान किंवा सर्वांत वृद्ध व्यक्तीकडे पाहून विचारला जातो. मग एखादा धडधाकट हात पुढे होतो, नळ करकचून आवळतो आणि थेंब थांबतो. निवाडा खरा ठरला, असे सर्वांस वाटते. आम्हांस तो अन्यायाचा वाटतो. त्याचे कारण नळाच्या पोटात आहे.

आट्यांच्या जुन्या नळात दांड्याच्या टोकाशी रबराचे लहानसे वायसर असते. मूठ फिरविली की ते खाली उतरते व पितळी बैठकीवर टेकून पाणी अडविते. वर्षानुवर्षे दाबले जाऊन हे रबर कडक होते आणि बैठकीच्या कडेचा गोल चर त्यावर उमटतो. मग हलका हात त्यास पुरत नाही. जोर केला तर पाणी तात्पुरते अडते. परंतु त्याच जोराने चर अधिक खोल होतो आणि उद्या त्याहून अधिक जोर लागतो. म्हणजे ज्याने नळ आवळून दाखविला, त्याने दोष वाढवून पुढच्या हातावर ढकलला, एवढेच. बोअरिंगच्या क्षारयुक्त पाण्याने आट्यांवर पांढरा थर साचला की मूठ फिरणेही जड जाते. संधिवाताने बोटे आखडलेल्या आजीने ती शेवटपर्यंत फिरवावी कशी? सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. हा हिशेब तिला ऐकविणारे पुष्कळ असतात. वायसर मात्र महिनोन् महिने कोणी बदलीत नाही.

दुरुस्ती की नवा नळ, हा प्रश्न आपण पैशाने सोडवू पाहतो. वायसर स्वस्त, पण प्लंबरची मजुरी त्याच्या कितीतरी पट. म्हणून तो "नवाच बसवा" म्हणतो, त्यात नेहमी लबाडी असतेच असे नाही. त्याच्याही वेळेला मोल आहे. काटकसरीत वाढलेली आमची पिढी दुसऱ्या टोकाला जाते. पितळी नळ टाकणे तिला पापच वाटते. (खरे तर पितळ वाया जात नाही. भंगारवाल्याकडून ते पुन्हा भट्टीत जाते. जामनगरचे कारखाने असल्या भंगारावरच तर चालतात.) आम्ही स्वतः दुरुस्तीच्याच पक्षाचे. तथापि वस्तूवरची निष्ठा जपताना ती वापरणाऱ्या हाताचा विसर पडावा, हे आम्हांस मान्य नाही. बैठकच खडबडीत झाली असेल तर नवे वायसरही लवकरच कापले जाते. आटे साफ करून वंगण दिल्यावरही दुर्बळ हाताला मूठ फिरत नसेल, तर सिरॅमिक चकत्यांचा, लांब दांडीचा, पाव फेऱ्यात उघडणारा नळ बसवावा. जुना नळ चांगला आहे, हे म्हणताना तो कोणासाठी चांगला, हेही विचारावयास हवे.

काम मोठे नाही. बेसिनखालचा कॉक बंद करावा, स्क्रू पडून जाऊ नये म्हणून निचऱ्याच्या भोकावर फडके ठेवावे, आणि जुने वायसर मापासाठी हार्डवेअरच्या दुकानात सोबत न्यावे. नळ जोडून झाल्यावर तो बंद होतो की नाही, हे पाहण्यास मात्र आजीला बोलवावे.