चाहूल आणि ठिकाण

फेब्रुवारी-मार्चमध्ये कळमेश्वर, काटोल, नरखेडच्या संत्रापट्ट्यात गारा पडल्या की दोन दिवस चर्चा होते आणि तिचा शेवट ठरलेला असतो: हवामान बदललं, निसर्ग लहरी झाला, आता कशाचाच भरवसा नाही. हे विधान ऐकायला गंभीर वाटतं, पण विचार तिथेच थांबतो. या गारा ज्या घडामोडीतून येतात ती लहरी नाही. मध्य अक्षांशांत थंड आणि उबदार हवा शेजारी येतात; जड थंड हवा खाली घुसते, उबदार हवा तिच्यावर चढते आणि या उलथापालथीत मोकळी झालेली ऊर्जा वाऱ्यात उतरते. दहा-बारा किलोमीटर उंचीवरच्या पश्चिमी जेट प्रवाहाला नागमोडी वळण पडतं. त्या वळणाच्या पुढच्या अंगाला वरची हवा झपाट्याने पांगते, जमिनीलगतचा दाब उतरतो आणि कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं. नॉर्वेतल्या बर्गनच्या ब्यर्कनेस या हवामानशास्त्रज्ञ पितापुत्रांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास याचं चित्र उभं केलं; हवामानशास्त्रज्ञ चार्नी यांनी १९४७ मध्ये आणि ईडी यांनी १९४९ मध्ये त्याचं गणित मांडलं. भूमध्य समुद्राकडून येणारी अशीच क्षेत्रं आपल्याकडे पश्चिमी विक्षोभ म्हणून ओळखली जातात. हिमालयात ती बर्फ देतात, पंजाबच्या गव्हाला पाऊस देतात. एकवीस अंश अक्षांशावरच्या कळमेश्वरपर्यंत वादळाचा गाभा येत नाही. येतं ते वरच्या हवेतल्या त्या वळणाचं, म्हणजे द्रोणीचं, टोक. ते दक्षिणेला खोल उतरलं की विदर्भावर पाच-सहा किलोमीटर उंचीला गार हवा, खाली समुद्राकडून आलेली दमट हवा आणि त्याखाली दुपारी तापलेली जमीन, असा मेळ जमतो. मग ढग उभे वाढतात.

हवामान बदल खोटा आहे, असं मी म्हणत नाही. तापमान एक अंशाने वाढलं की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, आणि त्याचे परिणाम गंभीर आहेत. पण त्यावरून ‘आता काहीच सांगता येत नाही’ हा निष्कर्ष कसा निघतो? नागपूरच्या नोंदींत जानेवारी, फेब्रुवारी, मार्च या प्रत्येक महिन्याच्या नावावर सरासरी १० ते २० मिलिमीटर पाऊस आहेच. भारतातल्या १८८३ ते १८९७ या काळातल्या गारपिटींचा आढावा जॉन इलियट यांनी १८९९ मध्येच प्रसिद्ध केला होता. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रभर पिकं झोडपणारी गारपीट झाली, ती अभूतपूर्व खरी. पण तिच्यामागची जुळणी हीच होती. शिवाय चार-पाच दिवस आधीचा अंदाज पूर्वीपेक्षा सुधारला आहे, बिघडलेला नाही. म्हणजे अनिश्चितता वाढली असं म्हणत आपण हाती आलेली निश्चितीही सोडून देतो, आणि नुकसानीचा दोष आभाळावर टाकून सगळे मोकळे होतात. वेधशाळा नेहमीच चुकते, हा दुसरा आक्षेप नोंदी न पाहता घेतलेला असतो. त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे. विक्षोभाची चाहूल आणि गारेचं ठिकाण ही दोन वेगळी ज्ञानं आहेत. चाहूल दिवसांत मोजायची आणि ती अख्ख्या विभागाला लागते. ठिकाण तासांत कळतं आणि काही किलोमीटरच्या पट्ट्यापुरतं असतं. मोहप्याला बाग झोडपून निघते आणि थोड्या अंतरावर पानही हलत नाही. चर्चेत दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून गाव चुकलं की अख्खा अंदाज खोटा ठरवला जातो. संत्र्याच्या बागेत हा फरक उघड दिसतो. याच दिवसांत मृग बहाराचं पिकलेलं फळ झाडावर असतं आणि आंबिया बहाराचा फुलोरा किंवा वाटाण्याएवढं फळही. मृगाचं फळ वाचवायला चाहूल पुरते: तोडणी दोन दिवस अलीकडे घ्यायची. तसंच हरभऱ्याची गंजी झाकता येते, फवारणी थांबवता येते. सगळ्यांनी एकदम माल आणला तर नागपूरच्या कळमना बाजारात भाव पडेल, हा आक्षेप खरा आहे. बाग आधीच व्यापाऱ्याला दिली असेल तर तोडणीचा निर्णयही शेतकऱ्याच्या हातात नसतो. तरी पडलेला भाव आणि गारेने डागाळून सडणारं फळ यांत निवड अवघड नाही. अवघड आहे ते चाहूल वेळेवर बांधापर्यंत पोचवणं. नेमकं तेच काम करणारे जिल्हा कृषी हवामान कक्ष २०२४ मध्ये देशभर बंद झाले, आणि त्यावर गारपिटीइतकी चर्चा झाली नाही.

आंबियाच्या फुलोऱ्याला मात्र कितीही आधी कळलं तरी हलवता येत नाही. त्याला भरपाईचाच आधार, आणि भरपाईला ठिकाण लागतं. फळपीक विम्यात पाऊस आणि तापमान महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावरून ठरतं. गारेचा अरुंद पट्टा त्या केंद्राला दिसत नाही. म्हणून गारपिटीसाठी जादा हप्ता, ७२ तासांत सूचना आणि मग पंचनामा, असा मार्ग आहे. झडलेलं फूल तोवर वाळून मातीत मिसळलेलं असतं. पुरावा द्यायचा तो त्याचाच. नागपूरला डॉप्लर रडार आहे. गारेचा ढग कुठून कुठे गेला, याचा माग त्यात राहतो. ढगात दिसलेली गार जमिनीवर पोचली असेलच असं नाही, हे मान्य. पण पंचनाम्याची माणसं आधी कोणत्या गावांत धाडायची, हे ठरवायला तो माग पुरेसा आहे. तहसील कार्यालयाने तो त्याच संध्याकाळी मागवायला हवा.