‘हो’ म्हणणारा रुग्ण



केरळहून पुण्यात आलेल्या आपल्या काही परिचारिका भगिनी रात्रपाळी संपवून थेट मिस्साला येतात. आम्ही त्यांना सहज विचारले, “गरीब रुग्णांची सेवा अधिक चांगली कशी होईल?” त्या खाटा-औषधांविषयी बोलतील, असे आम्हाला वाटले होते.

एक भगिनी म्हणाली, “फादर, बांधकामावरचे मजूर डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्याला ‘हो’ म्हणतात. कळलेले मात्र नसते. मी ते ओळखते, कारण मराठी येत नव्हते तेव्हा मीही सगळ्याला ‘हो’च म्हणायचे.” म्हणून घरी सोडताना ती रुग्णालाच विचारते, “आता तुम्ही सांगा, कोणती गोळी जेवणाआधी घ्यायची?” चुकले तर पुन्हा समजावते. दुसरी म्हणाली, “आईचे दुखणे सांगायला लहान मुलाला मध्ये घालू नये. काही गोष्टी आई मुलासमोर बोलत नाही.”

आम्ही विचारात पडलो. रुग्णाला समजेल असे सांगणे ही दया की न्याय? दया म्हटली, तर सवड मिळाली की करायची. पण ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. आपल्या शरीराचे काय चालले आहे हे कळणे, हे आपण रुग्णाचे देणे लागतो. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातून, सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांवर स्पॅनिश किंवा अन्य भाषा बोलणाऱ्यांसाठी दुभाष्याची सोय करण्याचे बंधन आले. म्हणजे तिथेही ही गोष्ट उपकार नव्हे, तर हक्क मानली गेली.

मात्र वॉर्ड भरलेला आणि परिचारिका एकटी असेल, तर हे देणे तिने एकटीनेच फेडावे का? तोही अन्यायच. परिचारिका पुरेशा हव्यात, दुभाष्या हवा, आणि नातेवाइकांनी तिच्यावर ओरडण्याआधी क्षणभर थांबायला हवे.

आपल्या शहराचे ससून रुग्णालय १८६७ साली उभे राहिले, ते बगदादहून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून या यहुदी व्यापाऱ्याच्या दानातून. परक्याने दिलेल्या त्या रुग्णालयात आजवर किती पुणेकर बरे झाले असतील! तुम्हीही मिसर देशात परके होता, म्हणून परक्याचे मन तुम्ही जाणता, याची आठवण निर्गमच्या ग्रंथात देव आपल्या लोकांना करून देतो. आपल्या या भगिनी ते मन जाणतात. रुग्णसेवा कशी सुधारावी हे ठरवताना त्यांनाही विचारायला हवे.

आज मिस्सानंतर त्यांच्यापैकी एखादीशी दोन शब्द बोला. आणि तिचे ऐका.

आपले धर्मगुरू