शाबासकीची अपेक्षा धरावी का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागे एका गुरुवारी आरती झाली, प्रसाद वाटायला अजून थोडा वेळ होता, तेव्हा आपल्यातल्या एका तरुण साधकानं आम्हाला विचारलं, "काका, नोकरी सोडावी म्हणतो. नऊ वर्षं झाली. केलेल्या कामाची कोणाला किंमतच नाही. सोडू का?"

हा मुलगा एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. गोळी पोटात गेल्यावर ठरल्या वेळात विरघळेल की नाही, याची तपासणी त्याच्याकडे असते. सगळ्या बॅच पास होत होत्या, पण आकडे दर खेपेला थोडे थोडे खाली घसरताहेत हे त्याच्या लक्षात आलं. तीन रात्री थांबून त्यानं जुने कागद काढले आणि दोष कच्च्या मालाच्या ओलाव्यात आहे हे शोधून दिलं. पुढच्या बॅच वाचल्या. रिपोर्ट मात्र साहेबांच्या नावानं वर गेला, आणि वार्षिक समारंभात ट्रॉफी भलत्यालाच मिळाली. तो म्हणाला, "ट्रॉफी नको होती हो. साहेबांनी एकदा माझ्याकडे बघून मान हलवली असती तरी चाललं असतं."

आम्ही काय केलं? आम्ही वडीलधारी मंडळींनी लगेच गीता पुढे केली. दुसरा अध्याय, सत्तेचाळिसावा श्लोक. कर्म आपल्या हातात, फळ नाही. कौतुकाची हाव म्हणजे अहंकाराचं खाद्य. नामस्मरण वाढव, मन शांत होईल. मुलगा बिचारा "बरं" म्हणाला आणि पुढचे चार गुरुवार आलाच नाही.

आमचं काय चुकलं, हे आम्हाला सुचलं ते स्वयंपाकघरात. गुरुवारच्या प्रसादाची भाजी चिरायला एक मावशी येतात. किती वर्षं येतात ते कोणी मोजलेलंच नव्हतं. त्या आजारी पडल्या आणि दोन गुरुवार प्रसादाला उशीर झाला, तेव्हा कुठे एकानं विचारलं, "मावशी दिसत नाहीत?" दत्तजयंतीला आपण देणगीदारांची यादी माइकवरून वाचतो. भाजी चिरणाऱ्या हातांचं नाव त्या यादीत कधी आलं नाही. त्यांनी मागितलं नाही हे खरं, पण म्हणून आपण द्यायचं नाही असं थोडंच आहे?

तिथे आम्हाला जे उमगलं ते असं. निष्काम कर्माचा उपदेश आपण स्वतःला करायचा असतो. हाताखालच्या माणसाला, सुनेला, मुलाला, नोकराला तो ऐकवला की त्याचा उपदेश राहत नाही, सबब होते. "तू अपेक्षा ठेवू नकोस" असं म्हणणारा बहुधा "मला द्यायचं नाही" एवढंच म्हणत असतो.

गीता पुन्हा उघडून पाहिली. फळाची आशा सोड असं सांगणारा भगवंत त्या वेळी रथावर सारथ्याच्या जागी बसला होता. अर्जुनाचं सारथ्य पत्करून मग त्यानं हे सांगितलं. आणि अर्जुनाला तो हाका कशा मारतो? महाबाहो, परंतप, कुरुनंदन. सत्तेचाळिसाव्या श्लोकाच्या अगदी पुढच्याच श्लोकात तो त्याला 'धनंजय' म्हणतो. धनंजय म्हणजे दिग्विजयात धन जिंकून आणणारा. म्हणजे फळ सोड असं सांगतानासुद्धा तो त्याच्या जुन्या पराक्रमाची आठवण ठेवून आहे. आम्ही श्लोक पाठ केला, ती हाक मात्र आमच्या कानावरून गेली.

मग केल्या कामाची दखल घ्यावी असं वाटणं हे पाप आहे का? आम्हाला तसं वाटत नाही. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. गड बांधणाऱ्या या माणसानं बक्षीस म्हणून एवढंच मागितलं, की नाव पायरीवर असावं, म्हणजे दर्शनाला येणाऱ्या महाराजांची पायधूळ त्यावर पडेल, असं परंपरेनं सांगतात. आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो. पण नीट पाहिलं तर नाव त्यांना हवं होतंच. फक्त ते कळसावर नको होतं. "हे मी केलं" असं वाटणं वेगळं आणि "मीच केलं" असं वाटणं वेगळं. साधनेनं दुसरं घालवायचं आहे.

आता नोकरी सोडण्याचा प्रश्न. आपल्या बडोद्यानं याची दोन मोठी उदाहरणं पाहिली आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. करार पाळायला ते १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत आले. एवढा शिकलेला माणूस, आणि कचेरीतले शिपाई विटाळाच्या भीतीनं कागद त्यांच्या टेबलावर लांबून टाकायचे. शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले तर तिथूनही बाहेर काढलं. थोड्याच दिवसांत ते मुंबईला परत गेले. राजानं गुण ओळखले होते, पण शेजारच्या टेबलानं माणूस ओळखला नाही. त्यांना कोणी "अपेक्षा ठेवू नका, निष्काम काम करा" असं सांगितलं असतं तर ते आपल्यालाच शोभलं नसतं. शाबासकीशिवाय माणूस जगू शकतो. मानाशिवाय त्यानं जगावं, असं कुठलंही शास्त्र सांगत असेल तर ते आपलं नव्हे.

दुसरं उदाहरण श्री अरविंदांचं. १८९३ साली विलायतेहून येऊन ते बडोद्याच्या नोकरीत लागले. आधी महसुलाची कामं, मग कॉलेजात शिकवणं, पुढे उपप्राचार्यपद. दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरावरून आपल्यातले कितीतरी जण रोज जातात. मान होता, पगार होता, कोणाची तक्रार नव्हती. तरी १९०६ साली ते कलकत्त्याच्या नव्या राष्ट्रीय कॉलेजात गेले, आणि तेही पुष्कळ कमी पगारावर. इथे कोणी दुखावलं म्हणून ते गेले नाहीत. पुढच्या कामानं बोलावलं म्हणून गेले.

या दोन्ही गोष्टी समोर ठेवून आम्ही तीन प्रश्न काढले. ज्यांच्या मनात नोकरी बदलायचा विचार घोळतो आहे त्यांनी सकाळच्या जपानंतर, शांतपणे, स्वतःला विचारून बघावेत.

पहिला : उद्या साहेबांनी चार लोकांत पाठ थोपटली, तर हे काम मला पुन्हा आवडेल का? उत्तर 'हो' असेल तर काम ठीक आहे, फक्त शब्दाची उणीव आहे. मग साहेबांशी सरळ बोलावं. केलेलं काम लिहून ठेवावं, दाखवावं. यात लाज नाही.

दुसरा : मला कौतुक मिळत नाही, की मानच मिळत नाही? रोज पाणउतारा होत असेल, जातीवरून, भाषेवरून, बाई म्हणून कमी लेखत असतील, तर तिथे सहन करत बसणं ही साधना नव्हे. तिथून निघावं.

तिसरा : मी कुठून तरी पळतो आहे, की कुठे तरी जातो आहे? पळणाऱ्याला नव्या कचेरीतही वर्षभरात तोच साहेब भेटतो. जायचं असेल तर नव्या कामाची आधी चव घ्यावी. रविवारी, सुट्टीत, थोडं करून पाहावं. तिथे कोणी टाळी वाजवणारं नसतानाही ते करावंसं वाटलं, तर ती हाक खरी समजावी. आणि हो, घराचा हप्ता आणि आईवडिलांचं औषधपाणी हाही धर्मच आहे. सहा महिन्यांचा खर्च गाठीला बांधून मग पाऊल उचलावं.

आम्ही दोघंतिघं त्या मुलाच्या घरी गेलो. आधी माफी मागितली, मग हे तीन प्रश्न त्याच्यापुढे ठेवले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, की लॅबमध्ये नवीन पोरं येतात, त्यांना शिकवताना त्याला घड्याळाचं भान राहत नाही. हे त्यानं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. सध्या तो रविवारी बी.एस्सी.च्या चार मुलांना घरी शिकवतो. साहेबांशीही बोलला. साहेब म्हणाले, "अरे, मला वाटलं तुला माहीत आहे." नोकरी अजून सोडलेली नाही. सोडेल की नाही ते त्याचं त्यानं ठरवायचं. आम्ही पुन्हा उपदेश करणार नाही.

मावशी बऱ्या होऊन परत आल्या आहेत. मागच्या गुरुवारी आरतीनंतर त्यांचं नाव घेतलं तर त्या पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. पण प्रसाद वाढताना त्यांचा चेहरा ज्यांनी पाहिला, त्यांना आणखी काही सांगायला नको.

म्हणून या आठवड्याचा नेम एवढाच. आपल्यासाठी रोज काम करणाऱ्या एका माणसाला, त्याचं नाव घेऊन, त्यानं नेमकं काय चांगलं केलं ते सांगायचं. नुसतं "छान" म्हणून सोडायचं नाही. आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही, तर तेवढ्यापुरता सत्तेचाळिसावा श्लोक आठवायचा. तो आपल्यासाठीच आहे.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥ 🙏