शितावरून भाताची परीक्षा?

अंशावरून पूर्णाविषयी बोलण्याचा अधिकार माणसाला कुठवर आहे? भारतीय तर्कपरंपरेतला स्थालीपुलाकन्याय एक शीत दाबून भांडंभर भाताचा निवाडा करतो. सिरॅमिक मात्र या न्यायाला जुमानत नाही.

सिरॅमिकसारख्याच ठिसूळ काचेचा धागा जितका बारीक तितका बळकट, हे अभियंता ग्रिफिथने 1921 साली दाखवलं. तुकडा मोठा झाला की त्यात एखादी घातक भेग दडलेली असण्याची शक्यता वाढते. पुढे अभियंता वायबुलने याला गणिताचं रूप दिलं: नमुन्यानमुन्यातल्या ताकदीचा फरक दाखवणारा वायबुल मापांक 10 असलेल्या सिरॅमिकचं आकारमान हजारपट केलं, तर ताकद जवळपास निम्मी होते. प्रयोगशाळेतला चिमुकला नमुना खरंच बोलतो, पण स्वतःपुरतं.

तंतूंनी सांधलेल्या सिरॅमिकमध्ये चित्र बदलतं, आणि ते विलक्षण सुंदर आहे. भेग पडते, पण तंतू तिचे दोन्ही काठ धरून ठेवतात. तुटलेल्याचा भार शेजारी उचलतात. आकाराचा परिणाम त्यामुळे सौम्य होतो, नाहीसा होत नाही. नमुना विणीच्या एका आवर्तनापेक्षाही अरुंद कापला, तर तो त्या पदार्थाचा प्रतिनिधीच उरत नाही.

2016 पासून लीप या जेट इंजिनाच्या विमानांत अशा तंतुयुक्त सिरॅमिकचे भाग प्रवाशांसह उडत आहेत. नमुन्याचं माप न देता सांगितलेला ताकदीचा आकडा म्हणूनच प्रमाण मानू नये.