मामाचं टेबल, भाचीची सीएसएस

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरीत एका मामाचं संगणक केंद्र होतं. सातबारा, दाखले, परीक्षेचे अर्ज, सगळं तिथं निघे. धान खरेदीच्या दिवसांत शेतकऱ्यांच्या चकरा वाचाव्यात म्हणून मामानं एक वेबपान तयार केलं. डावीकडे लागणारी कागदपत्रं, उजवीकडे एचएमटी, सुवर्णा असे धानाचे वाण आणि भाव. सगळं पान एका मोठ्या टेबलात बसवलेलं. टेबलाच्या पोटात टेबल, आणि फट राहिली तिथं पारदर्शक चित्राचा तुकडा. १९९० च्या दशकात जगभर असंच करत, कारण दोन रकाने शेजारी धरून ठेवायला दुसरं भरवशाचं साधन नव्हतं. मामा तेव्हाच शिकलेला. दुकानातल्या मोठ्या पडद्यावर पान खरोखर देखणं दिसे.

धाबा गावच्या एका शेतकऱ्यानं ते बांधावर मोबाइलवर उघडलं. अक्षरं मुंगीएवढी, मोठी केली की भाव पडद्याबाहेर. दृष्टी गेलेल्या एका गुरुजींनी मोबाइलला वाचायला लावलं. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर टेबल ओळीनं वाचतो. त्यांना ऐकू आलं: ‘आधार कार्ड, एचएमटी, बँक पासबुक, सुवर्णा.’

गुरुजी केंद्रात येऊन म्हणाले, “यातलं कागद कोणतं आन् धान कोणतं, मले समजत नाही.”

चंद्रपूरला शिकणारी भाची सुटीत आली होती. ती म्हणाली, “मामा, मजकूर एका जागी ठेवा आणि तो कसा दिसावा ते सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, लिहा. पडदा लहान झाला की रकाने एकाखाली एक यावेत, हेही त्यात सांगता येतं.” हे काही नवं नव्हतं. सीएसएसची पहिली शिफारस डिसेंबर १९९६ ची, आणि निव्वळ मांडणीसाठी टेबल वापरू नये हे पुढच्याच वर्षी वेबपानं लिहिण्याच्या भाषेच्या, एचटीएमएलच्या, ४.० आवृत्तीनं सांगितलं होतं. ब्राउझर मात्र फार मागे होते. सीएसएसमधूनच पानाचे ओळी-रकाने मांडणारी ग्रिडसारखी सोय प्रमुख ब्राउझरांत आली ती मार्च २०१७ मध्ये. मामाची अडचण तेव्हा खरी होती. आता ती उरली नव्हती.

भाचीनं एका रात्रीत पानावरचं प्रत्येक टेबल मोडलं. भावांचंसुद्धा.

सकाळी पान मोबाइलवर छान बसलं, पण सगळे वाण वर आणि सगळे भाव खाली. एचएमटी हे याच जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेलं वाण; त्याचा भाव कोणता, ते शेतकऱ्याला कळेना. गुरुजींनाही आधी नुसती नावं ऐकू आली, मग नुसते आकडे.

“बाई, भावाचं टेबल कशाला मोडलं?” मामा म्हणाला. “वाण आणि भाव यांचं नातं त्या ओळीतच होतं.”

भाचीला पटलं. तिनं भावांचं टेबल परत आणलं, रकान्यांना नीट शीर्षकं दिली. आता गुरुजींना आकड्याबरोबर रकान्याचं नावही ऐकू येऊ लागलं. बाकी पान सीएसएसकडेच राहिलं. कोणतं साधन जुनं आणि कोणतं नवं, यावर मामा-भाची पुन्हा भांडले नाहीत. ओळ-रकान्याची माहिती असेल तर टेबल, पानाची मांडणी असेल तर सीएसएस, एवढंच ते विचारू लागले.

तुम्हीही गावासाठी, शाळेसाठी असं पान करत असाल तर ते लोकांपुढे ठेवण्याआधी एकदा साध्या मोबाइलवर उघडा, आणि एकदा डोळे मिटून स्क्रीन रीडरकडून वाचून घ्या.