सही जुळली म्हणजे माणूस जुळला?

१२ नोव्हेंबर १८८८ च्या संध्याकाळी लंडनमधल्या कमर्शियल स्ट्रीट पोलीस ठाण्यात एक मजूर आपणहून आला आणि त्याने जॉर्ज हचिन्सन असं नाव सांगितलं. तीनच दिवसांपूर्वी स्पिटलफील्ड्समधल्या मिलर्स कोर्ट या बोळात मेरी जेन केलीचं छिन्नविच्छिन्न प्रेत सापडलं होतं. 'जॅक द रिपर'च्या नावावर मांडल्या जाणाऱ्या खुनांपैकी बहुतेक अभ्यासक हा शेवटचा मानतात. त्या पहाटे दोनच्या सुमाराला मेरी आपल्याला भेटली, तिने सहा पेन्स उसने मागितले, नंतर ती एका अनोळखी माणसाला घेऊन खोलीवर गेली आणि आपण पाऊण तास बाहेर थांबलो, असा जबाब हचिन्सनने दिला. त्या माणसाचं त्याने केलेलं वर्णन थक्क करणारं आहे: कॉलरला आणि बाह्यांना अस्त्राखान लोकर लावलेला लांब कोट, टोकं वर वळवलेली मिशी, जाड सोन्याची साखळी, टायला नालाच्या आकाराची पिन आणि ज्यू वाटावा असा चेहरा. इन्स्पेक्टर ॲबरलाइन यांनी त्याच दिवशीच्या अहवालात आपल्याला हा जबाब खरा वाटतो असं लिहिलं. त्यानंतरचे काही दिवस वर्तमानपत्रांत त्याचा बोलबाला झाला आणि पुढे हा माणूस कागदांवरून नाहीसा झाला.

तो कोण होता हे शोधण्याला निव्वळ कुतूहलापलीकडचं कारण आहे. पूर्व लंडनमध्ये तेव्हा रशियन साम्राज्यातून परागंदा झालेले ज्यू दाटीवाटीने राहत होते आणि खुनांचा संशय त्यांच्यावर आधीच घेतला जात होता. या जबाबाने त्यात तेल ओतलं. शिवाय त्याच दिवशी कोरोनरपुढे सारा लुईस या बाईने साक्ष दिली होती, की चर्चच्या घड्याळात अडीच वाजले असताना बोळासमोर एक माणूस आत पाहत उभा होता. हचिन्सन ठाण्यात आला तो त्यानंतर, संध्याकाळी. एवढ्या योगायोगावरून १९९० च्या दशकापासून काहींनी साक्षीदारालाच खुनी ठरवलं आहे.

मग कागदांची शोधाशोध सुरू झाली. १९९१ साली, राजघराण्याभोवती विणलेल्या एका तर्काच्या पुस्तकात, हचिन्सन आडनावाच्या एका प्लंबरच्या मुलाने आपले वडीलच तो साक्षीदार होते असं सांगितलं. नाव जुळतं, १८८८ सालचं तरुण वयही बसतं. पण जबाबातला माणूस स्वतःला मजूर म्हणवतो, पूर्वी घोड्यांच्या मोतद्दाराचं काम करत होतो असं सांगतो आणि व्हिक्टोरिया होम या कामगारांच्या लॉजिंग हाऊसचा पत्ता देतो. त्या पत्त्याशी प्लंबरला जोडणारा कागद पुढे आलेला नाही. राहता राहिली सही.

इथे जरा थांबून पाहायला हवं. जबाबाची तीन पानं आणि तीन सह्या आहेत. पहिल्या पानावरची सही पुढच्या दोन्हींपेक्षा वेगळ्या वळणाची दिसते, म्हणून ती जबाब लिहून घेणाऱ्या सार्जंटने केली असावी असा एक तर्क आहे. म्हणजे तुलना सुरू होण्याआधीच प्रश्न येतो, की कोणती सही प्रमाण धरायची? दुसऱ्या बाजूला प्लंबरची लग्नाच्या नोंदीवरची सही आणि १९११ च्या जनगणनेचा तक्ता आहे. इंग्लंडमध्ये लग्नाच्या मूळ नोंदवहीत वधूवर स्वतः सही करत, पण मध्यवर्ती निबंधकाकडे त्या नोंदीची हाताने केलेली नक्कल जाई, सह्यांसकट. त्या नकलेवरून काढलेल्या दाखल्यावरची सही नवऱ्याची नसून नक्कल करणाऱ्याची असते. जनगणनेचंही तसंच. १९११ च्या आधी घरोघरी भरलेले तक्ते गणनाकर्मचारी आपल्या वहीत उतरवून घेत आणि मूळ तक्ते पुढे नष्ट केले जात. म्हणून १८८१ किंवा १८९१ च्या पानावर दिसतं ते अक्षर गणनाकर्मचाऱ्याचं. कुटुंबप्रमुखाच्या हातचा तक्ता जपलेली पहिली जनगणना १९११ ची. तिच्यात आणि जबाबात तेवीस वर्षांचं अंतर आहे आणि एवढ्या काळात सही बदलते. हस्ताक्षराच्या जाणकारांचंही यावर एकमत झालेलं नाही.

माझं मत असं, की प्लंबर तो साक्षीदार असणं शक्य आहे, पण सिद्ध झालेलं नाही, आणि सिद्ध न झालेली गोष्ट तशीच नोंदवून ठेवण्यात कमीपणा नाही. मुलाची आठवण मी मोडीत काढणार नाही. घरात सांगितल्या गेलेल्या गोष्टींत तथ्य असू शकतं. मात्र ती आठवण घटनेनंतर शंभर वर्षांनी, आधीच निष्कर्ष ठरवलेल्या पुस्तकातून आपल्यापर्यंत आली, हे तिचं वजन करताना लक्षात घ्यावंच लागेल. आणि ज्या माणसावर आज उघडपणे खुनाचा आळ घेतला जातो, त्याच्या जागी कुणाला बसवताना पुरावा जास्तच कडक हवा. प्लंबरला नातवंडं-पतवंडं असू शकतात. वंशावळीत एक चुकीचं नाव टाकणं वेगळं आणि कुणाच्या पणजोबाला त्या बोळासमोर उभं करणं वेगळं.

याच नावाचा, ऑस्ट्रेलियात शिक्षा झालेला आणखी एक माणूसही या साक्षीदाराच्या जागी उभा केला गेला आहे. प्रत्येक वेळी आपल्याला जुळलेलं तेवढं दाखवलं जातं. रोज पैसे मोजून लॉजिंग हाऊसमध्ये खाट मिळवणारा माणूस जनगणनेच्या एका रात्री कुठे झोपला होता यावरच त्याचं कागदोपत्री अस्तित्व ठरायचं, आणि १८८१ ते १८९१ या दोन गणनांच्या मधली दहा वर्षं त्याच्यापुरती कोरीच राहू शकत होती. तेव्हा कागदांत सापडलेला हचिन्सन हा केवळ सापडण्याजोगा हचिन्सन असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून यापुढे कुणी ओळख पटल्याचा दावा केला तर मी पहिल्यांदा वगळलेल्यांची यादी मागेन: लंडन आणि आसपासचे किती जॉर्ज हचिन्सन तपासले, कोणाला वयावरून गाळलं, कोणाला धंद्यावरून, कोणाच्या मूळ सह्या पाहिल्या आणि कोणाच्या फक्त नकला.