वाचकाची साक्ष आणि वाचकाचा माग

क्रोम ब्राउझरमधली माहिती गूगल शोधनिकाल लावताना वापरते की नाही, या प्रश्नावरच्या चर्चेचा सूर चोर पकडल्यासारखा झाला आहे. मे २०२४ मध्ये गूगलच्या शोधयंत्रणेची अंतर्गत तांत्रिक कागदपत्रे बाहेर आली. सुमारे अडीच हजार विभाग आणि चौदा हजारांवर गुणधर्म असलेल्या त्या जंजाळात ‘चांगले क्लिक’, ‘वाईट क्लिक’, ‘शेवटचा आणि सर्वांत जास्त टिकलेला क्लिक’ अशा अर्थाची नावे होती आणि काही ठिकाणी थेट क्रोमचे नाव होते. कंपनीचे प्रतिनिधी वर्षानुवर्षे असा वापर नाकारत आले होते. तेव्हा एका गटाने ‘खोटे बोलले आणि सापडले’ म्हणून समाधान मानले, तर दुसऱ्याने ‘फुकट सेवा घेता, मग तक्रार कसली’ म्हणून हात झटकले. खोटे बोलणे गंभीर आहेच. पण समजा, उद्या कंपनीने सगळे प्रांजळपणे सांगून टाकले, तर मग काही प्रश्न उरत नाही का?

सांगून टाकण्याचा काही भाग तर झालाही आहे, आणि तोही शपथेवर. अमेरिकी न्याय विभागाने २०२० मध्ये भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात गूगलच्या शोधविभागाचे उपाध्यक्ष पांडू नायक यांनी २०२३ मध्ये ‘नॅव्हबूस्ट’ या यंत्रणेची माहिती दिली. कोणत्या शोधानंतर लोकांनी कोणत्या निकालावर बोट ठेवले, याच्या तेरा महिन्यांच्या नोंदींवर ती चालते. पूर्वी ही मुदत अठरा महिन्यांची होती. नोंदींचे कप्पे स्थळानुसार पडतात, तसेच मोबाइल आणि संगणक असेही पडतात. त्याच खटल्यात कंपनीचे एक जुने अंतर्गत सादरीकरण पुढे आले. त्याचा मथितार्थ असा की मजकूर यंत्राला फारसा कळत नाही. माणसे त्या मजकुराशी कशी वागतात हे पाहून त्याची किंमत ठरवली जाते. या नोंदी गूगलच्या शोधपानावरच्या. ब्राउझरची नजर त्याच्या बरीच पलीकडे जाते. थेट टाइप केलेला पत्ता, व्हॉट्सअ‍ॅपवरून उघडलेला दुवा, पान उघडायला लागलेला वेळ, हे सारे तिथे दिसते. २०२५ मध्ये न्यायालयासमोर आलेल्या कागदांत लोकप्रियतेच्या एका निकषासाठी क्रोमची माहिती वापरली जाते, अशी नोंदही सापडते.

म्हणजे वापर होतो. तो वापर नेमका कशाचा होतो, याकडे मात्र चर्चा वळतच नाही.

१९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची कल्पना मांडली, तिचा पाया साक्षीचा होता. एखादा लिहिणारा आपल्या पानावर दुसऱ्याच्या पानाचा दुवा देतो, तेव्हा तो चारचौघांत आणि स्वतःच्या नावावर सांगत असतो की हे वाचण्याजोगे आहे. पुढे दुवे विकले गेले, त्यांचे कारखाने निघाले, ते रोखायला २०१२ मध्ये गूगलला शोधसूत्रात ‘पेंग्विन’ ही सुधारणा आणावी लागली. हा इतिहास परिचित आहे. पण विकत घेतलेला दुवासुद्धा उघड्यावर असतो. कोणी कोणाला दिला हे तिसऱ्याला पाहता येते आणि त्यावर बोट ठेवता येते. साक्षीची उलटतपासणी होऊ शकते. ब्राउझरमधून हाती येतो तो माग, ओल्या मातीवरून चालत गेलेल्याच्या पावलांसारखा. माग खोटा असतो असे नव्हे. पुष्कळदा तो साक्षीपेक्षा खरा असतो. पण त्याचा अर्थ माग काढणारा ठरवतो. चालणाऱ्याला कोणी विचारत नाही की बाबा, तू तिकडे का गेला होतास.

२०११ मधले गूगल आणि त्याचे प्रतिस्पर्धी शोधयंत्र बिंग यांचे भांडण या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. बिंग आपले निकाल उचलते अशी शंका आल्यावर गूगलने शंभरेक निरर्थक शब्द बनवले आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या निकालात एक असंबद्ध पान हाताने बसवले. एका अर्थहीन अक्षरजुळणीसमोर लॉस एंजेलिसच्या एका नाट्यगृहातल्या आसनव्यवस्थेचे पान ठेवले होते. मग वीसेक अभियंत्यांनी कोरे लॅपटॉप घरी नेले आणि इंटरनेट एक्सप्लोरर व बिंगचा टूलबार चालू ठेवून ते शब्द शोधत त्या पानांवर क्लिक केले. डिसेंबर २०१० संपता संपता त्यांतले सात ते नऊ शब्द बिंगवरही तेच पान दाखवू लागले. अमित सिंघल तेव्हा गूगलच्या क्रमवारीचे काम पाहत. त्यांनी ही सरळसरळ नक्कल असल्याचे जाहीर केले. बिंगने उत्तर दिले की ग्राहकांनी परवानगी दिलेली आहे आणि हजाराहून अधिक निकषांपैकी हा केवळ एक. साऱ्या जगाने तो वाद ‘चोरी की चलाखी’ या पट्टीवर मोजला. ज्यांच्या क्लिकवर हे सगळे उभे होते त्या वाचकांचा या भांडणात काही वाटा आहे, असे दोघांपैकी एकालाही वाटले नाही. माग ज्याला सापडला त्याचा, हे दोघांनीही गृहीतच धरले होते.

याच गृहीतकाला आता एक गोंडस रूप मिळाले आहे, आणि त्याचा समाचार सविस्तर घ्यायला हवा. क्लिक म्हणजे मत, असे त्याचे म्हणणे. संपादक, समीक्षक, प्राध्यापक यांनी काय वाचावे हे सांगण्याचे दिवस गेले. आता कोट्यवधी वाचक आपल्या बोटाने ठरवतात, ही माहितीची लोकशाही आहे. हे म्हणणे साधेसुधे लोकच नव्हे, चांगले जाणतेही मांडतात.

मत देणाऱ्याला आपण मत देत आहोत हे माहीत असते. ब्राउझर उघडणाऱ्याला ते माहीत नसते, आणि कळले तरी कोणत्या प्रश्नावर मत मोजले गेले ते कळत नाही. मतपत्रिकेवर सर्व उमेदवार सारख्या आकारात छापलेले असतात; इथे पहिला निकाल पहिला आहे म्हणून जास्त उघडला जातो आणि जास्त उघडला गेला म्हणून पहिला राहतो. हा दोष अभियंत्यांना ठाऊक आहे, तो काढण्याची गणितेही आहेत, हे मान्य. पण वजावट किती करायची हे कोण ठरवते? पुन्हा माग काढणाराच. मत एका माणसाचे एक असते. मागात दिवसभर फोनवर असलेल्याची पावले आठवड्यातून एकदा बसणाऱ्याच्या कितीतरी पट असतात. आणि मागाचा अर्थ लावणे तर त्याहून निसरडे. अवंतिका एक्स्प्रेसची वेळ पाहणारा दहा सेकंदांत पान बंद करतो, कारण त्याचे काम झालेले असते. पाककृतीच्या पानावर माणूस पाच मिनिटे खिळतो, कारण जाहिरातींच्या आणि आठवणींच्या ढिगाखाली साहित्याची यादी त्याला सापडत नसते. ‘शेवटचा आणि सर्वांत जास्त टिकलेला क्लिक’ हा निकष यातून वाट काढण्यासाठीच असावा. तो हुशार निकष आहे. पण कितीही हुशारीने वाचला तरी न दिसलेल्या पानाबद्दल माग काहीच सांगू शकत नाही.

हा शेवटचा मुद्दा इंदुरात जितका स्पष्ट दिसतो तितका पुण्यात दिसणार नाही.

इंदूरचे मराठीपण जुने आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात १९१७, १९३५ आणि २००१ असे तीनदा भरले. महाराष्ट्र साहित्य सभेसारखी संस्था इथे आहे. या शहरातला मराठी माणूस हिंदी परकी म्हणून वाचत नाही. बाजार, शाळा, कचेरी सारे हिंदीत, त्यामुळे तो ती सहज वाचतो. आता समजा, २०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षे झाली, तेव्हा इथल्या एका मराठी गृहिणीने फोनवर त्यांच्याविषयी शोधले. शहर इंदूर, फोनची भाषा हिंदी किंवा इंग्रजी. वर हिंदी पाने आली. तिने पहिले उघडले, शेवटपर्यंत वाचले आणि फोन ठेवला. मागाच्या हिशेबी हे पूर्ण समाधान झाले, आणि ते त्या हिंदी पानाच्या खाती जमा झाले. मराठी पान समोर असते तर तिने ते आधी उघडले असते, हे तिला विचारले तर ती क्षणात सांगेल. पण विचारण्याची सोयच या पद्धतीत नाही. दोन भाषा येणाऱ्या माणसाचा माग नेहमी मोठ्या भाषेच्या बाजूने पडतो, आणि बेळगावात, बडोद्यात, ग्वाल्हेरीत राहणाऱ्या मराठी माणसाची गोष्ट याहून फार वेगळी असण्याचे कारण नाही.

इथे प्रतिपक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा येतो, आणि तो टाळता येणार नाही. मराठीत साक्ष देणारेच कमी आहेत. मराठी संकेतस्थळांना एकमेकांचे दुवे देण्याची सवय जडलीच नाही. लेख फिरतात ते व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून, आणि ती वाट ब्राउझरशिवाय कोणाला दिसत नाही. शिवाय यंत्राला मराठी कळतच नव्हती असा काळ होता. इंदूरला त्याची आठवण असायला हवी, कारण १९९९ मध्ये ‘वेबदुनिया’ हे हिंदी पोर्टल याच शहरातून सुरू झाले आणि पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. त्या काळात भारतीय भाषांतली अनेक संकेतस्थळे आपापल्या फॉन्टवर चालत. युनिकोड रुळलेले नव्हते. पडद्यावर स्वच्छ देवनागरी दिसे, पण शोधयंत्राच्या हाती रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला लागे. अशा भाषेत वाचकाच्या वागण्यावरून पानाची पारख करणे हाच जवळचा मार्ग होता, हे कबूल केले पाहिजे. पण ती गरज कायमची नाही. डिसेंबर २०१९ मध्ये गूगलने ‘बर्ट’ हे भाषा समजण्याचे तंत्र सत्तरहून अधिक भाषांच्या शोधात आणले, आणि त्यांत मराठी आहे. मजकूर वाचता येऊ लागल्यावरही मागावरच विसंबायचे असेल, तर त्याचे समर्थन नव्याने करावे लागेल.

परवानगी घेतली की सारे ठीक, असे मानणाऱ्यांसाठी ब्रेव्ह या ब्राउझरचे उदाहरण उपयोगी आहे. क्लिक्झ या २०२० मध्ये बंद पडलेल्या जर्मन प्रकल्पातल्या लोकांचे काम घेऊन ब्रेव्हने २०२१ मध्ये स्वतःचे शोधयंत्र उभारले. त्याच्या सूचीसाठी ब्राउझरची माहिती वापरली जाते, पण वापरणाऱ्याने स्वतःहून होकार दिला तरच, आणि एखाद्या पानाचा पत्ता पुरेशा वेगवेगळ्या लोकांनी पाहिलेला असेल तरच. हेतू चांगला आहे: एकट्यादुकट्याच्या मागावरून माणूस ओळखता येऊ नये. मात्र त्याच उंबरठ्याने चार-सहा वाचकांचे पान बाहेर राहते. स्थानिक मराठी मंडळाच्या जुन्या स्मरणिकेचे पान, एखाद्या घराण्याची वंशावळ, निमाडातल्या मराठी बोलीची टिपणे ही त्याच जातीची पाने. खासगीपणा जपणारी अट आणि छोट्याला अदृश्य करणारी अट इथे एकच आहे. होकारामुळे मागाची साक्ष होत नाही, ती अशी. होकार देणारा पावले मोजू देतो, पानाबद्दल तो काहीच सांगत नसतो.

स्वदेशी ब्राउझर हे त्यावरचे उत्तर नव्हे. सरकारने त्यासाठी स्पर्धा घेतली, २०२५ मध्ये चेन्नईच्या झोहो कंपनीला पहिले बक्षीसही मिळाले. पण माग चेन्नईत गोळा झाला म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही.

एका ठिकाणी मात्र माग उघड्यावर आहे. क्रोम वापरणाऱ्यांपैकी ज्यांनी होकार दिला आहे त्यांच्या फोनवर एखादे पान किती वेगाने उघडते, याची आकडेवारी गूगल २०१७ पासून प्रसिद्ध करते आणि २०२१ पासून ती क्रमवारीतही धरते. मुख्य मजकूर शंभरातल्या पंचाहत्तर भेटींत अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा तिचा एक मापदंड. इथेही अन्याय होऊ शकतो: वाचक स्वस्त फोनवर आणि गावाकडच्या अशक्त नेटवर्कवर असेल तर तेच पान मंद ठरते. पण तो आकडा कोणालाही पाहता येतो, त्यावर वाद घालता येतो, पान हलके करून तो सुधारता येतो. म्हणून या वापराला फारसा आक्षेप घेता येत नाही.

न्यायालयांनी आणि नियामकांनी हा फरक अजून हाताळलेला नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा अँड्रॉइड फोनवर क्रोम आधीच बसवून देण्याची सक्ती हा त्यातला एक मुद्दा होता. त्या क्रोममध्ये उमटणाऱ्या मागाचे पुढे काय होते हा नव्हता. अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात ५ ऑगस्ट २०२४ रोजी गूगलला मक्तेदार ठरवणारे न्यायाधीश अमित मेहता यांनी २ सप्टेंबर २०२५ रोजी क्रोम विकायला लावले नाही. शोधसूचीचा आणि वापरकर्त्यांच्या वागण्याच्या नोंदींचा काही भाग पात्र स्पर्धकांना द्यावा, असे मात्र सांगितले. म्हणजे माग आणखी काही हातांत जाईल. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ओळखता येणाऱ्या व्यक्तीच्या माहितीपुरता आहे. लाखोंच्या एकत्रित पावलांना तो लागू करता येत नाही. इंदूरच्या त्या गृहिणीला दाद मागायची झाली तर तिच्यासाठी कोणतेही दार उघडे नाही.

मागणी फार मोठी असण्याचे कारण नाही. कोणत्या भाषेच्या पानांसाठी वागण्याच्या नोंदी क्रमवारीत धरल्या जातात, पान हिशेबात येण्यासाठी किती भेटींचा उंबरठा आहे, आणि एकाच स्थळी दोन भाषा चालतात तिथे कप्पे कसे पाडले जातात, एवढे भाषावार आणि प्रांतवार जाहीर व्हावे. यात कोणाही व्यक्तीची ओळख उघड होत नाही आणि क्रमवारीचे सूत्रही बाहेर पडत नाही. पानांच्या वेगाचे आकडे देशवार मिळतात, महिन्याच्या महिन्याला मिळतात, आणि त्यामुळे गूगलचा धंदा बुडालेला नाही.